साळूमायनं कोंडलेलं ऊन

फार वर्षांपूर्वी खैरटाकळीच्या माळवदांवर मिरच्या आणि सांडगे वाळायचे. आजही वाळतात म्हणा, पण तेव्हा गावाच्या डोक्यावर एक जहागीरदार होता. त्यानं भोवतालचं सगळं रान कोळशाच्या ठेकेदाराला विकलं आणि हुकूम काढला, की घरटी दिवसातून एकदाच चूल पेटायची, भाकरीपुरती. बुरुजावर राखणदार बसला. दुसऱ्यांदा धूर दिसला, की त्या घरची भांडी उचलून नेत. तो राखणदार विडीच्या धुरावरून ओढणाऱ्याचं नाव सांगायचा, असं म्हणतात.

साळूमाय ही गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. त्या पौषात एका लेकराला गार पाण्यानं न्हाऊ घालावं लागलं, आणि ते तिच्या हातातच गारठून गेलं. आणि घरात तिची स्वतःची लेक, गोदा, दिवस भरत आलेली बसली होती.

साळूमाय माळवदावर चढली. उन्हातल्या लोणच्याच्या बरणीला हात लावला तर चटका बसतो, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली, तांब्याचा हंडा बाहेरून काळाकुट्ट केला आणि पाणी भरून उन्हात ठेवला. पाणी कोमट व्हायचं, पण मेला माळावरचा वारा ऊब पळवून न्यायचा. मग तिनं जुन्या पेटीत भुसा ठासला, त्यात हंडा बसवला आणि वर काच झाकली. काच कुठली? जहागीरदाराच्याच खिडकीची, गारपिटीत तडकली म्हणून उकिरड्यावर फेकलेली! गाव हसलं. म्हणालं, म्हातारी ऊन कोंडायला निघाली. तिसऱ्या प्रहरी तिनं झाकण काढलं, तर पाण्यातून वाफा निघत होत्या.

राखणदाराला वाफ दिसली, पण धूर काही दिसेना. त्याची मती गुंग झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो जहागीरदाराला घेऊन आला.

"कुणाला विचारून पाणी तापवलंस, म्हातारे?"

"धूर दावा, मालक. मग न्या भांडी."

"काच माझी आहे!"

"काच तुमची. ऊन कुनाचं, तेवढं सांगा."

असल्या प्रश्नाला असली माणसं काठीनंच उत्तर देतात. त्याच्या गड्यांनी काचेचे तुकडे तुकडे केले. खाली गोदाला कळा सुरू झाल्या होत्या.

साळूमायनं तुकडे वेचायला घेतले. बोटं रक्ताळली तरी थांबली नाही. ते बघून शेजारीण वर आली, मग तिची जाऊ, मग सगळी आळी. कुणी कंदिलाची काच आणली, कुणी फुटका आरसा. चुन्यात गूळ कालवून त्यांनी तुकडे सांधले, आणि उरलेले घेऊन जिनं तिनं आपापल्या माळवदावर काळा हंडा मांडला. एकेका तुकड्यात एकेक सूर्य उतरला. त्या दुपारी खैरटाकळीवर शंभर सूर्य तळपत होते, असं म्हणतात. राखणदाराचे डोळे असे दिपले, की त्याला धूरही दिसेना आणि गावही दिसेना. तो पायऱ्या चाचपत खाली उतरला, तो पुन्हा कधी चढलाच नाही. मग बायका कसल्या ऐकतात! त्यांनी भरदुपारी घरोघर दुसऱ्यांदा चुली पेटवल्या.

दिवेलागणीला गोदाला मुलगी झाली. उन्हाच्या पाण्यानं न्हाताना तिनं असा टाहो फोडला, की साळूमाय म्हणाली, "रड माझे बाय, त्या मेल्या जहागीरदाराला ऐकू जाऊ दे."

पुढं जहागीर गेली, ठेकेदार गेला, बुरूज अर्धा ढासळला. आता घरोघरी गॅस आहे, माळवदांवर कंपनीचे सोलर बंबही आलेत. तरी खैरटाकळीत लेकराचं पहिलं न्हाणं काळ्या हंड्यात, उन्हात तापलेल्या पाण्यानंच होतं. हंड्यावरची काच तुकडे सांधलेलीच लागते, अखंड चालत नाही. आणि पहिला तांब्या अंगावर पडला, की घरातली सगळ्यात म्हातारी बाई माळवदावर जाते आणि रिकाम्या बुरुजाकडे तोंड करून ओरडते, "दिसतोय का रं धूर?"