उपनगरातलं घरटं

“तिथे ओली माती मिळेल का?” मी दादाला विचारलं. तो उपनगरात राहायला निघाला होता.

तेव्हा आम्ही सुगरण पक्षी विहिरीवरच्या बाभळीवर राहायचो. वाऱ्यात घरटं हेलकावू नये म्हणून आतून चिखल थापायचो.

“उपनगरात साप नाहीत, गच्चीगच्चीवर दाणे आहेत,” दादा म्हणाला. “इथे काय आहे?”

“आपला थवा आहे.”

“मग बस तू चिखल चिवडत!”

वहिनीला घेऊन तो गेला. तिथे सगळीकडे फरशी होती. चिखल मिळेना, म्हणून दादाने ओलं सिमेंट थापलं. दोन पिल्लं झाल्यावर आणखी थापलं. वादळात ते जड घरटं तुटून फरशीवर आपटलं. चौघंही आतच होती.

खबर ऐकून मी पोहोचलो तेव्हा कावळे जमले होते. अंधार पडेपर्यंत मी घरट्यावर पंख पसरून बसलो.