शहाणी शरू

“...मग मला नापास का केलंत?”

आदिनाथ चौगुले दार ढकलून आत आला तो हा प्रश्न घेऊनच. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

जमादार मॅडम खिडकीशी बसून पेरू चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चपला,” त्या म्हणाल्या.

तो दारापर्यंत परत गेला, चपला काढल्या आणि दुप्पट संतापून आला.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत, एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मॅडमचं केंद्र होतं. स्वमग्न मुलांना तिथे बोलायला, जेवायला, चारचौघांत वावरायला शिकवत. वर्तन विश्लेषणात एम.ए. करणारे विद्यार्थी प्रात्यक्षिकाला तिथेच येत. आदिनाथ त्यांच्यात सगळ्यात हुशार होता, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्यालाच कळली होती. नीतिशास्त्राच्या लेखी परीक्षेत तो पहिला आला. त्याच विषयाच्या प्रात्यक्षिकात मॅडमनी त्याला नापास केलं. आता पदवी अडली, आणि पदवीवाचून बंगळूरची नोकरीही अडली.

“लेखीत मी पहिला आहे, मॅडम.”

“ठाऊक आहे. पेपर मीच तपासला. फार सुंदर लिहिलं होतंस.”

“मग?”

मॅडमनी पेरूची आणखी एक फोड केली...

“अहो, हिच्याकडे बघा ना!” तो ओरडला.

कोपऱ्यातल्या बुटक्या टेबलाशी, प्रात्यक्षिकासाठी त्याच्याकडे सोपवलेली शर्वाणी बसली होती. सगळे तिला शरू म्हणत. सात वर्षांची पोर, बोलता न येणारी. आई न्यायला यायची होती. तोवर ती हात मांडीवर ठेवून, पाय जुळवून, नाकासमोर बघत बसली होती.

“जूनमध्ये ही काय होती? केसांना फणी लागली की किंचाळायची. टेबल ढकलून द्यायची. ताट भिरकावायची. आईच्या हातावर चाव्यांचे वण आहेत! आता ऊठ म्हटलं की उठते, बस म्हटलं की बसते. कुणीही सांगू दे, ऐकते. आई माझ्यासमोर रडली, मॅडम. म्हणाली, घरात पहिल्यांदा सगळे शांतपणे जेवलो. आणि हे मी केलं तुमच्याच शास्त्रानं! हवं तसं वागलं की बक्षीस द्या, नको तसं वागलं की लक्ष देऊ नका. हे कुणी शिकवलं मला?”

“मी.”

“मारलं का मी तिला? उपाशी ठेवलं? आईची संमती घेतली नाही? आचारसंहितेचं मी मोडलेलं एक कलम दाखवा. एकच!”

“एकही मोडलं नाहीस.”

हे ऐकून मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायला यावं आणि समोरच्यानं सगळं कबूल करून टाकावं, यासारखा दुसरा अपमान नाही. त्यानं मॅडमच्या टेबलावर मूठ आपटली. बशी उडाली आणि पेरूच्या फोडी जमिनीवर गेल्या.

“मग हा शुद्ध खुनशीपणा आहे! विद्यार्थी पुढे गेलेला बघवत नाही तुम्हाला!”

बोलून झाल्यावर त्याचेच कान तापले. पण शब्द काही त्यानं मागे घेतले नाहीत.

मॅडम वाकल्या. फोडी एकेक करून वेचल्या.

“शरू दचकली का रे?”

“काय?”

“तू मूठ आपटलीस तेव्हा. दचकली का ती?”

त्यानं वळून पाहिलं. शरू तशीच बसली होती. हात मांडीवर. ओठांवर त्यानंच शिकवलेलं हसू.

“अजिबात नाही,” तो म्हणाला, आणि तेवढ्या रागातही त्याला अभिमान वाटला. “बघा तुम्हीच.”

“रोज बघते आहे,” मॅडम म्हणाल्या. इतका वेळ शांत असलेला त्यांचा आवाज आता शांत नव्हता.

तेवढ्यात जिना वाजला. खालच्या कारखान्यात सतारीचे भोपळे घेऊन येणारा संपत टेम्पोवाला पाणी प्यायला वर आला होता. मॅडम त्याला बरीच वर्षं ओळखत होत्या. शरूनं मात्र त्याला कधी पाहिलं नव्हतं.

माठातलं पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं. कोपऱ्यातली पोर दिसली तसा हसला.

“कुणाची गं तू? येतीस काय माझ्यासंगं? टेम्पोत बसवतो, चल!”

लहान मूल दिसलं की आपण सगळेच असं काहीतरी बोलतो. उत्तराची वाट न बघता तो जिना उतरायला लागला.

शरू उठली.

खुर्ची तिनं आत सरकवली. दाराशी जाऊन चपला घातल्या. पायऱ्या उतरून त्या परक्या माणसाचं बोट धरलं आणि त्याच्याबरोबर चालायला लागली.

आदिनाथ दाराकडे झेपावला. मॅडमनी हात आडवा घातला.

“बघ,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, ती चाललीय!”

“संपत आहे तो. तू बघ.”

खालून संपतचा आवाज आला. पहिल्यांदा हसरा, मग नुसताच घाबरा.

“अवो मॅडम, ही खरंच निघाली की! वळख न्हाई, पाळख न्हाई... कुणीबी बोलावलं तर जाती व्हय ही पोर?”



मॅडमचा हात झटकून आदिनाथ धावला.

“शरू, थांब!”

ती थांबली.

“वर ये.”

ती वर आली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि उजवा तळहात पुढे केला.

सांगितलेलं ऐकलं की राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा मिळायचा, आणि “शहाणी!” हा शब्द. आदिनाथचा हात सवयीनं खिशातल्या डबीकडे गेला. डबीवरच राहिला. शरू तळहात पसरून तशीच उभी होती, हसत.

“जूनमध्ये ती टेबल ढकलायची,” मॅडम म्हणाल्या. “ते काय होतं, आदिनाथ?”

“नको असलेलं वर्...”



“कुणाला नको असलेलं?”



तो पुन्हा उसळला. आता राग कुणावर काढायचा हेच त्याला कळत नव्हतं, म्हणून समोर होत्या त्यांच्यावर काढला.

“तुम्हाला दिसत होतं ना? मग आधीच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं. तू तिच्या प्रगतीचा आलेख दाखवलास.”

“मग थांबवायचं होतंत! गुरू होता ना तुम्ही? का नाही थांबवलंत?”

खाली कुणीतरी सतारीची एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं.

“त्यात मी नापास झाले,” त्या म्हणाल्या.

आदिनाथ खाली बसला. शरूचा तळहात अजून त्याच्यापुढे होता. त्यानं तो हळूच मिटवला, तर तिनं तोही मिटू दिला.

“पदवीचं... आता काय करू मी, मॅडम?”

मॅडमनी बशी सरळ केली. टेबलावर त्याची मूठ पडली होती तिथे बोटं टेकवली.

“आज केवढा चिडलास माझ्यावर! शरू तुझ्यावर एवढी चिडली की ये. त्या दिवशी पास करीन.”