उसनी दिलेली वैजू

"हे तुम्हीच शिकवलंत ना त्यांना, आप्पा? खरं सांगा. तुम्हीच ना?"

सुधन्वा इंगवले मैदानात शिरला तो हा प्रश्न घेऊनच. भैरवघाट कॉलेजचा हा क्रीडा संचालक एरवी आप्पांच्या पाया पडल्याशिवाय तोंड उघडत नसे. आज नमस्कार नाही, चौकशी नाही. पायातले बूटसुद्धा काढायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

आप्पा बिरनाळे माती चाळत होते. मठामागच्या कबड्डीच्या मैदानाची माती ते दर वर्षी स्वतःच चाळतात. वय ऐंशीच्या पुढे, कंबर वाकलेली, पण दुसऱ्या कुणी चाळलेली माती त्यांना पटत नाही. खडा राहिला की पोरींचे गुडघे फुटतात, एवढंच ते म्हणतात.

"बस," आप्पा म्हणाले.

"बसायला आलो नाही मी."

"मग उभा रहा. काय शिकवलं मी?"

"आपली खेळाडू समोरच्यांना देऊन टाकायला!"

आप्पांची चाळण थांबली नाही.

नदीकाठ मंडळाची, म्हणजे काठावरच्या कॉलेजांच्या कबड्डी मंडळाची, ही जुनी रीत आहे. सगळी कॉलेजं गरिबाची. कधी एसटी चुकते, कधी एखादीच्या घरी लग्न निघतं, आणि पाहुणा संघ सहा जणींवर येऊन उभा राहतो. मग यजमानांनी आपली एक खेळाडू त्यांना उसनी द्यायची. तीही कडेला बसवलेली नाही, सगळ्यांत चांगली. आणि तिनं त्या दिवसापुरतं आपल्याच मैत्रिणींविरुद्ध जीव तोडून खेळायचं. चाळीस वर्षं हे असंच चाललंय, आणि काठावरच्या कुणाला त्यात काही नवल वाटत नाही.

"मंडळात चालतं हो," सुधन्वा म्हणाला. "पण काल मंडळाचा सामना नव्हता. काल महासंघाची निवड होती, आप्पा. महासंघाची!"

महासंघ म्हणजे शहरातल्या बड्या कॉलेजांचा कारभार. त्यांचे सामने टीव्हीवर दिसतात, तिथं चमकलेल्या पोरींना नोकऱ्या लागतात. दोन वर्षांत मंडळातली तीन कॉलेजं मंडळ सोडून तिकडं गेली. आता एकच जागा उरली होती. ती भैरवघाटला मिळावी म्हणून सुधन्वानं दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं. कुणाकुणाच्या दारात तो ताटकळला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी महासंघानं अट घातली. आमच्या एका कॉलेजला हरवून दाखवा, मग या.

"पहिल्यापासनं सांग," आप्पा म्हणाले.

सुधन्वानं सांगितलं. सांगताना आवाज चिरकत होता.

शहरातला संघ आला तो मोजून सात जणी घेऊन. खेड्यातल्या पोरींना सात पुष्कळ झाल्या, असा त्यांचा हिशेब असावा. त्यातल्या एकीचा पाय बसमधून उतरताना मुरगळला. उरल्या सहा. आणि महासंघाचा नियम कडक... सात नसतील तर सामना नाही, विजय समोरच्यांना. पंचांनी दहा मिनिटांची मुदत दिली.

"दहा मिनिटं, आप्पा! नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं. आत गेलो होतो आपण!"

"मग?"

"मी प्राचार्यांना फोन करायला बाहेर गेलो. पेढे सांगून ठेवा म्हणालो."

"आणि?"

"आणि परत येतो तर सामना सुरू! समोरून चढाईला कोण येतंय?" सुधन्वानं कपाळाला हात लावला. "वैजू! आपली वैजू खोत! त्यांची निळी जर्सी घालून! मला वाटलं, मला उन्हानं भोवळ आली."

आप्पांनी मान वर केली.

"कुणी दिली?"

"नसीमनं. कप्तान ना ती! कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही. पंच बावचळले. म्हणाले, चालेल का तुम्हाला? तर ही म्हणते, आमच्यात असंच असतं. दोघी कप्तान राजी म्हटल्यावर त्यांनी शिट्टी मारली."

आप्पांनी चाळणी खाली ठेवली.

"वैजू कशी खेळली?"

"कशी म्हणजे?"

"राखून खेळली का?"

"राखून?" सुधन्वा हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "नऊ गुण नेले तिनं आमचे! शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. नसीम चढाईला गेली, आणि वैजूनं तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. एका गुणानं हरलो आम्ही, आप्पा. एका गुणानं."

"नसीम रडली?"

"हसली! धूळ झटकत उठली आणि वैजूच्या पाठीवर थाप मारली. महासंघाची माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. एकानं मला विचारलं, या दोघी एकाच कॉलेजच्या ना? मी नुसती मान हलवली."

मठात कुणीतरी घंटा वाजवली. आप्पांनी चाळणीतले खडे वेचून बाजूला टाकले.

सुधन्वानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. आप्पांपुढं धरला.

"यावर सही करा."

"काय आहे?"

"तक्रार. मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीशिवाय महासंघ ती घेत नाही. आणि अध्यक्ष अजून तुम्हीच आहात."

आप्पांनी सदऱ्याला हात पुसले, चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागतो. सुधन्वा एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकत उभा राहिला.

"बाहेरची खेळाडू खेळवली... नियमाचा भंग... सामना रद्द करून पुन्हा घ्यावा." आप्पांचं बोट खाली सरकलं. "आणि हे काय?"

"ते... ते नियमातच आहे."

"काय आहे?"

"जी खेळली तिला, आणि जिनं दिली तिला... एक वर्ष बंदी."

"वैजूला."

"हो."

"नसीमला."

"हो."

"नसीमचं शेवटचं वर्ष."

"ठाऊक आहे मला!" सुधन्वा ओरडला. झाडावरचे बगळे उडाले. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला काय हौस आहे का, आप्पा? दोन्ही पोरी माझ्या हाताखाली वाढल्यात. पण कॉलेज आत जाईल. पुढं येणाऱ्या पन्नास पोरींचं भलं होईल. दोघींपायी सगळ्यांनी बुडायचं का? तुम्हीच सांगा."

खरं तर त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पन्नास पोरी म्हणजे पन्नास घरं. आप्पांनाही ते दिसत असणार.

आप्पांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"पेन आहे का?"

सुधन्वाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तीस किलोमीटर मोटारसायकलवरून येताना त्यानं भांडायची सगळी तयारी केली होती. आप्पा नाही म्हणतील, मग आपण असं म्हणू. आप्पा चिडतील, मग आपण तसं म्हणू. पेन मागतील, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यानं पेन दिलं. आप्पांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. पूर्ण नाव, खाली अध्यक्ष, खाली तारीख. एक अक्षर हललं नाही.

"तुम्ही... केलीत सही?"

"तू मागितलीस."

"मला वाटलं, शिव्या घालाल."

"कशाला?"

सुधन्वानं कागद परत घेतला. हवं ते हातात आलं होतं आणि तरी बरं वाटत नव्हतं. त्यानं कागदाची घडी घातली, वाकून आप्पांच्या पाया पडला आणि वळला.

तो रेषेपर्यंत पोचला असेल नसेल.

"सुधन्वा."

"जी?"

"सामना पुन्हा व्हायचा तो कुणाबरोबर?"

"त्यांच्याबरोबरच. तेच कॉलेज. अर्ज मान्य झाला की येत्या रविवारी."

"आपल्या पोरी किती नोंदवल्यात?"

"आठ," सुधन्वा सवयीनं म्हणाला.

"आठ," आप्पा म्हणाले.

सुधन्वा पुढं निघाला. दोन पावलं टाकली आणि थांबला. त्याचे ओठ हलत होते. वैजू नाही. नसीम नाही. त्यानं बोटं दुमडली, पुन्हा उघडली, पुन्हा दुमडली.

"नवीन नावं घालता येतात का?" आप्पांनी विचारलं.

"नाही... मुदत गेल्या महिन्यात संपली."

दीड वर्ष ज्यानं महासंघाच्या नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन काढलं, त्या माणसानं रागाच्या भरात आपल्याच पोरी मोजल्या नव्हत्या. तो धडपडत मागं आला आणि मातीतच बसला, बूट घातलेल्या पायांनी, चाळून ठेवलेल्या ढिगावर. आप्पा त्याला काही बोलले नाहीत.

"आप्पा... सहा."

"हं."

"सहाच राहतात. आणि सात नसतील तर... त्यांनी नुसतं बसून राहायचं. दहा मिनिटं."

"हं."

"मग आता मी काय करू? आप्पा, मी काय करू आता?"

आप्पांनी चाळणीत दोन मुठी माती घेतली.

"त्यात काय? त्यांच्याकडं एक पोरगी माग."