चमचाभर विरजण

फार पूर्वी, कोंबडे मिनिटंसुद्धा आरवून सांगायचे त्या काळी, भर उन्हाळ्यात बाराला सात कमी असताना मांजराने सगुणा शेळीची विरजणाची वाटी चाटूनपुसून साफ केली. सगुणा रानातल्या पोरक्या पिलांना ताक पाजायची. शिंक्यात दूध होतं, पण विरजणाशिवाय ताक कुठलं? पिलांना ऊन बाधलं तर, ही तिला काळजी.

ती हत्तीच्या दारी गेली. "दादा, चमचाभर दही द्या."

"चमचाभर?" हत्ती दुखावला. "सगुणे, माझी काही इज्जत? देईन तर हौदभर देईन."

आणि त्याने अख्खा हौद तिच्या अंगणात उपडा केला. पिलं वाहत सुटली. कासव आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी वेशीवर पोहोचलं. दही मातीत गेलं, हत्तीकडेही थेंब उरला नाही. शिंक्यातलं दूध तेवढं वाचलं.

मग शेजारची शेवंता उंदरीण शिंपलीतून दही घेऊन आली. "एवढंसंच आहे बाई, द्यायला लाज वाटते."

"अगं, मला एवढंच हवं होतं," सगुणा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत दही लागलं. घुसळायच्या आधी सगुणाने चमचाभर बाजूला काढलं. पिलं पोटभर ताक प्यायली. उन्हाने डोकं धरून बसलेला हत्तीही दोन घागरी प्यायला.

मग तिने तो चमचा हत्तीच्या सोंडेत दिला. हत्तीने तो जपून धरला.

"सांडू नका, दादा. पलीकडच्या सशिणीला द्या. आणि तिला सांगा, दही लागलं की चमचाभर काढून पुढच्या घरी द्यायचं, आणि त्यांनाही हेच सांगायचं."