सोणकाचे हलके धनुष्य

एक तरुण भिक्षू पहिल्याच वर्षी अन्नपाणी सोडून कठोर तप करायला निघाला आणि त्याची आई काळजीने विहाराच्या दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा शास्ता बुद्धांनी ही कथा सांगितली. पूर्वी शंखवती नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व धनुष्यबाण विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. वडिलांच्या मागे पेढी त्यांच्याकडे आली.

एके दिवशी सोणक नावाचा गवळी पेढीवर आला. रानाकाठच्या त्याच्या गावातून बिबट्या वासरे उचलून नेत होता. आता त्याने एका बाईवरही झडप घातली होती. गावाने राखणीचे काम सोणकावर सोपवले होते. त्याने जन्मात धनुष्य हाती धरले नव्हते, पण हे सांगायची त्याला लाज वाटली. भिंतीवरच्या भल्यामोठ्या, शिंगाच्या पट्ट्या बसवलेल्या धनुष्याकडे बोट करून तो म्हणाला, "श्रेष्ठी, हेच द्या."

पेढीवर याहून महाग काही नव्हते, आणि कित्येक वर्षांत त्याला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. बोधिसत्त्वांनी ते त्याच्या हाती दिले. "ओढ बरे. मी सांगेपर्यंत तसेच धर."

दात-ओठ खाऊन सोणकाने दोरी कशीबशी छातीपर्यंत आणली. लगेच त्याचे हात लटलटू लागले. दोरी निसटणार, तोच बोधिसत्त्वांनी ती धरली.

"पहिलेच धनुष्य ना, बाबा?"

सोणकाने मान खाली घातली.

मग त्यांनी टोके पुढे वळलेले एक लहान धनुष्य काढले. सोणकाला हात पसरायला लावून, त्याच्या ओढीपेक्षा चार बोटे लांब बाण निवडले. "बाण आखूड असला तर ओढताना मुठीच्या आत येतो आणि हात फाडतो. हे घे."

"हे तर पोराटोरांचे! गाव हसेल मला."

"हसू दे. हात बसला की ये, मोठे देईन. आज ते मी तुला विकणार नाही."

सोणक धुसफुसतच परतला. गाव खरोखरच हसले. तरी तो रोज गवताच्या पेंढीवर नेम धरीत राहिला.

एका तिन्हीसांजेला गोठ्यामागच्या उसात सळसळ झाली. काहीतरी जमिनीलगत सरकत होते. सोणकाने बाण लावून दोरी कानापर्यंत ओढली.

"सोड, सोड!" मागून लोक कुजबुजले.

पण त्याला नीट दिसत नव्हते. हात स्थिर होता, म्हणून तो थांबला. पाती बाजूला झाली आणि चुकार वासराला ओढत, कमरेत वाकलेली सोणकाची म्हातारी आई बाहेर आली.

"असा बघतोस काय रे? धर याला!"

सोणकाने दोरी अलगद सैल केली आणि धनुष्य खाली ठेवले. त्या जड धनुष्याची दोरी एव्हाना बोटांतून सुटली असती, हे त्याला कळले. आईचे पाय धरून तो रडला आणि रडतारडता हसू लागला. पुढे त्याच्या बाणांच्या धाकाने बिबट्या डोंगरापलीकडे निघून गेला आणि गाव निर्धास्त झोपू लागले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, पहिल्याच वर्षी अन्नपाणी सोडायला निघालेला हा तरुण भिक्षू म्हणजे तेव्हाचा सोणक. दाराशी काळजीने उभी असलेली त्याची माता म्हणजे तेव्हाची ती म्हातारी. आणि तो व्यापारी मीच होतो. स्वतःचा लाभ सोडून समोरच्याला पेलेल तेवढेच त्याच्या हाती देणे, ही त्या जन्मीची माझी प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता."