वीतभर जागा

"...मग रिकामी जागा म्हणजे तोटाच की नाही, बाई?"

प्रश्न शार्दूल निंबकरचा होता. त्याचे प्रश्न असेच असत. उत्तर आधीच ठरलेलं, प्रश्नचिन्ह मागाहून चिकटवलेलं.

सरंजामेबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. उभा जन्म त्यांनी आखाती देशांतून कच्चं तेल खरेदी करण्यात घालवला होता. आता कंपनीच्या टेकडीवरच्या प्रशिक्षण केंद्रात त्या आम्हा मॅनेजरांना तेलाचा व्यापार शिकवत. जहाजावर तेल कसं मोजतात, एवढंच त्यांनी नुकतं सांगितलं होतं. तेलावर टाकीत जी मोकळी जागा उरते, ती मोजायची. ती कळली की तेल कळलं.

"तोटा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"मालकाचा. टाकी बांधायची अख्खी आणि वापरायची अर्धवट? भाव चढत असताना?"

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. खाली खाडी होती. जेट्टीला जहाज लागलं होतं आणि काठावर पांढऱ्या टाक्या उन्हात तळपत होत्या. तो डेपो शार्दूलच्याच ताब्यातला. सकाळपासून जहाजातलं डिझेल शेवटच्या टाकीत उतरत होतं. दुपारच्या भरतीला जहाज सुटणार, आणि त्याच्या पोटात उरेल ते तेल पुढच्या बंदरातला व्यापारी उचलणार. उद्या भाव वाढणार हे तर शेंबडं पोरही सांगत होतं. जहाजातलं जास्तीत जास्त तेल उतरवून घ्यायच्या या सौद्यावर शार्दूलची दुबईची बदली ठरायची होती. पठ्ठ्याने सूटसुद्धा शिवून घेतला होता.

त्याचा फोन वाजला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून त्याने स्पीकर लावला. दिमाख दाखवायची एकही संधी तो वाया घालवत नसे.

"साहेब, मुजावर बोलतोय, डेपोतनं. तेल भरायच्या शेवटच्या खुणेला लागलं. जहाजाला पंप बंद करायला सांगू ना?"

"सांगायचं नाही. खुणेच्या वर जागा आहे अजून."

"वीतभर हाय, साहेब. पण ऊन चढतंय. दुपारी तेल फुगलं तर..."

"मुजावर, डेपो तुम्ही चालवता की मी?"



"...चालू ठेवतो, साहेब."

फोन बंद झाला.   त्या टाकीच्या कुंपणाला लागून ट्रक ड्रायव्हरांची जेवायची खानावळ होती, चूल दिवसभर पेटलेली. ती आम्हा सगळ्यांना माहीत होती, शार्दूललाही.

बाई रागावतील असं वाटलं. त्या उठल्या आणि कपाटातून डिझेलच्या नमुन्याच्या दोन काचेच्या बाटल्या काढल्या. एकीतलं तेल दुसरीत ओतत गेल्या. गळ्यापर्यंत आलं. आणखी ओतलं. पार तोंडाशी आलं, तेव्हा झाकण घट्ट पिळून बसवलं.

बाटली त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात ठेवली.

"निंबकर, खुर्ची इकडे आणा. बाटलीजवळ."

तो हसत आला, बसला. बाटली त्याच्या कोपराला लागत होती. समोर बाई बसल्या. त्याही तितक्याच जवळ.

"हं. उद्या भाव चढला तर काय काय पदरात पडेल? सांगा सविस्तर."

शार्दूलने सुरुवात झोकात केली. बाजार, मागणी, रिफायनऱ्यांची दुरुस्ती, सगळं कसं तोंडपाठ. बाई मान डोलावत होत्या.

मग त्याची नजर बाटलीकडे गेली.

"...तर मागणी वाढली की... मागणी..."

"पुढे?"

"बाई, हिचं झाकण थोडं सैल करू या का?"

"का हो? जागा वाया जाईल."

तो पुन्हा बोलू लागला. पण आता शब्द बाजाराचे आणि डोळे बाटलीवर. झाकणाखाली तेलाचा एक थेंब आला होता. तो फुगत फुगत मानेवरून खाली ओघळला. त्यामागे दुसरा आला.

"फुटेल ही!"

"फुटेलही," बाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

शार्दूलने झाकणाकडे हात नेला. बाईंनी आपला सुरकुतलेला तळवा झाकणावर ठेवला आणि दाबून धरला.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. बाईंनी मात्र टेबलावरच्या त्याच्या फोनकडे पाहिलं.

फोन तेवढ्यात वाजलाच. त्याने उचलला, स्पीकरवरच. "साहेब, चार बोटं राहिली. माझी माणसं वर हायत, जिन्यावर. काय करू...?"

 खाली टाकीच्या जिन्यावर दोन ठिपके दिसत होते. तो त्यांच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे.

"साहेब...?"

"बंद कर." मग तो ओरडलाच. "मुजावर, बंद करायला सांग! खुणेच्या वरचं दुसऱ्या टाकीत घे. माणसं खाली उतरव आधी!"

"दुसऱ्या टाक्याबी खुणेला आल्यात, साहेब."

"मग जहाजात परत घ्यायला सांग. आत्ता!"

जरा वेळाने मुजावरचा निरोप आला. जहाजाचे पंप थांबले होते, माणसं खाली उतरली होती, तेल माघारी जात होतं.

मग शार्दूलचा राग उसळला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्याला जास्त संताप येत असावा.

"झालं समाधान? सौदा गेला. दुबई गेली. तोटा किती झाला, मोजलाय तुम्ही?"

बाईंनी तळवा उचलला. झाकण उघडून थोडं तेल दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि झाकण पुन्हा लावलं. बाटली पदराने पुसून त्यांनी त्याच्यासमोर ठेवली, शेजारी फूटपट्टी ठेवली.

तेलाच्या वर, झाकणाखाली, बोटभर मोकळी जागा होती.

"मोजा," बाई म्हणाल्या. "आता मोजण्याजोगं काही आहे."