सर्जेरावाच्या जीपचे नवे स्पीकर

डोंगराच्या पायथ्याशी चिंचोली नावाचं गाव होतं आणि त्या गावात सर्जेराव नावाचा एक वडापवाला राहत होता. वडाप म्हणजे बाजारच्या गावापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत माणसं भरून नेणारी जीप. तिच्यात मावतील त्याहून जास्त माणसं बसवायची आणि बसलेल्यांनी ‘अजून एकाला जागा आहे’ म्हणायचं, हा तिचा पहिला रिवाज.

दुसरा रिवाज थापेचा. मागे बसलेल्याला उतरायचं असलं की त्याने डोक्यावरच्या पत्र्यावर थाप मारायची. थाप पडली की जीप थांबलीच पाहिजे. या बाबतीत सर्जेरावाचा कान फार तयार होता. गोदाबाई कासारणीची थाप बांगड्यांसकट वाजायची. शाळेचे गुरुजी छत्रीच्या मुठीने ठोकायचे. सर्जेराव मागे वळून न बघता म्हणायचा, “गोदामावशी, दमानं उतरा.” आपल्या गाडीतून एकही माणूस थांबा चुकून पुढे गेलेला नाही, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगे, आणि ते खरंही होतं.

सगळं बरं चाललं होतं, पण सर्जेरावाला सुख बोचायला लागलं. त्याच रस्त्यावर वडाप चालवणाऱ्या खाशाबाने आपल्या जीपला नवे स्पीकर बसवले. मग कॉलेजची पोरं सर्जेरावाची निघालेली जीप सोडून खाशाबाच्या रिकाम्या जीपपाशी घुटमळू लागली. सर्जेरावाचा जुना टेप घसा बसलेल्या माणसासारखा गायचा. त्याला ते फार लागलं. दोन दिवस तो नीट जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन साऊंडवाल्याच्या दुकानासमोर त्याने जीप उभी केली.

दुकानदाराने दारांत मोठे स्पीकर बसवले, मागच्या सीटखाली वूफरचं भलंथोरलं खोकं ठेवलं आणि या सगळ्यांना जोर द्यायला एक अँप्लिफायर जोडला. मग त्याने बटण फिरवलं. काचेपुढचं लिंबू-मिरची थरथरायला लागलं.

“कसं वाटतंय?” दुकानदाराने विचारलं.

“काय म्हणालात?” सर्जेराव ओरडला.

“म्हणजे झकास बसलंय,” दुकानदार म्हणाला.

घरी बायकोने, राहीबाईने, जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “एवढ्या दणदणाटात मागच्या माणसाची थाप ऐकू येईल का?”

“थाप कशाला मारतील? गाणी ऐकत बसतील,” सर्जेराव म्हणाला. आपण काय बोलून गेलो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लेकीला, कल्याणीला, बघायला पाहुणे येणार होते. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला होता. कल्याणी त्याच्याशी फोनवर बोलली होती आणि तिला तो आवडला होता, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. आता फक्त मोठ्या माणसांनी एकमेकांना बघायचं राहिलं होतं. त्या घरात आजीचा शब्द शेवटचा, हे मध्यस्थाने बजावून सांगितलं होतं. पाहुणे आपल्या गाडीने संध्याकाळी पोचणार होते. तेवढ्यात दुपारची एक खेप मारून येतो, असं सांगून सर्जेराव निघाला. खरं तर त्याला खेपेची घाई नव्हती, स्पीकरची होती.

बाजारच्या स्टँडवर गाणं लावताच कॉलेजची पोरं पुढच्या सीटवर येऊन बसली. सर्जेरावाची छाती फुगली. एरवी तो प्रत्येकाला हात देऊन वर चढवायचा, म्हातारीकोतारी खिडकीशी बसवायचा. आज मागे कोण चढलं हे बघायला त्याने मानही वळवली नाही. तो बटणं फिरवण्यात गुंग होता.

जीप निघाली. चिंचोली जवळ येता येता त्याने आरशात पाहिलं, तर मागे पत्र्यावर हात पडत होते. एका टोपीवाल्या गृहस्थांचा हात होता, त्यांच्याशेजारच्या तरुणाचा होता, आणि एक म्हातारी तर काठीने ठोकत होती. सर्जेरावाला धन्य वाटलं. म्हातारी माणसंसुद्धा गाण्यावर ताल धरतात, म्हणजे स्पीकर खरोखरच उत्तम. त्याने आवाज वाढवला. आवाज वाढला तसे हात जोरात पडू लागले आणि हात जोरात पडू लागले तसा सर्जेराव अजून खूश झाला. चिंचोली आली तेव्हा राहीबाई अंगणात रांगोळी काढत होती. त्याने तिला ऐटीत हॉर्न दिला आणि तो तसाच पुढे गेला. पुढच्या वाडीपाशी गोदाबाईचा हातही त्या तालात मिसळला.

देवळाच्या पायऱ्यांशी जीप थांबली. त्याने गाणं बंद केलं, आणि मग मागचं सगळं त्याला एकदम ऐकू आलं.

“अरं बाबा, माझी वाडी कवाच मागं राहिली,” गोदाबाई म्हणाली. “थापा मारून मारून बांगड्या वाढवल्या बघ.” तिने उजवा हात पुढे केला. गावाला बांगड्या भरणाऱ्या बाईचं मनगट मोकळं होतं. सर्जेरावाला भयंकर वाईट वाटलं.

टोपीवाले गृहस्थ घाम पुसत म्हणाले, “आम्हाला चिंचोलीला उतरायचं होतं. मुलगी बघायला निघालोय. आमची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून तुमच्यात बसलो.”

सर्जेरावाने विचारलं, “चिंचोलीत कुणाकडं?”

“सर्जेराव शिंदे म्हणून आहेत. ओळखता का?”

पाहुणे त्याला चेहऱ्याने ओळखत नव्हते. यांना फाट्यावर सोडावं, ओढ्याच्या वाटेने मागच्या दारी जावं, फेटा बांधून ओसरीवर बसावं, हे सगळं एका क्षणात त्याच्या डोक्यात येऊन गेलं. फेट्यात माणूस वेगळा दिसतो. गोदाबाई त्याच्याकडे बघत होती. सर्जेरावाला कल्याणीचा चेहरा आठवला. खरं सांगितलं तर स्थळ हातचं जाईल. आणि नाही सांगितलं, तर लेकीच्या संसाराची सुरुवातच बापाच्या खोट्याने होईल.

“ओळखतो,” तो म्हणाला. “कालपर्यंत त्याला मागची थाप ऐकू यायची. स्पीकर बसवले आणि बहिरा झाला. मीच तो. माझं चुकलं.”

टोपीवाल्यांचा चेहरा पडला. नवरा मुलगा बुटांकडे बघत राहिला. काठीवाली आजी तेवढी म्हणाली, “आधी पोचवा आम्हाला. मग बघू.”

परतीच्या वाटेवर गाणं बंद होतं. वाडीजवळ पत्र्यावर एक थाप पडली. बांगड्यांशिवायची ती थाप अगदी हलकी होती, पण सर्जेरावाने ब्रेक दाबला. पाहुण्यांना उशीर होत होता. तरी तो उतरला, गोदाबाईची टोपली उचलून तिच्या दारात ठेवून आला आणि मगच निघाला.

चिंचोलीत आजीने काठीने पत्र्यावर एकदाच टक केलं. जीप जागच्या जागी थांबली.

“चूक झाली की माणसं आधी आवाज चढवतात,” उतरता उतरता आजी म्हणाली. “तुम्ही बंद केला. चला, पोहे गार होत असतील.”

पोहे गार झालेच होते. राहीबाईने ते परत गरम केले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो ओसरीच्या खांबाआड सरकला. पण लग्न ठरलं.

वूफरचं खोकं सर्जेरावाने गावच्या तालमीला देऊन टाकलं. दारातले स्पीकर राहिले. आवाजाच्या बटणापाशी राहीबाईने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, त्याच्या पुढे बटण न्यायचं नाही. कॉलेजची पोरं पुन्हा खाशाबाकडे गेली आणि सर्जेरावाने त्यांना खुशाल जाऊ दिलं.

लग्न थाटात झालं. हिरवा चुडा गोदाबाईने भरला. कल्याणीची पाठवणी सर्जेरावाच्याच जीपमधून निघाली. डोळे भरून येत होते, म्हणून तो आरशात बघायचं टाळत होता. गावची वेस आली आणि मागे पत्र्यावर बांगड्यांची हलकीशी थाप पडली. त्याने लगेच जीप थांबवली आणि उतरून मागे गेला.

“काय गं, काही राहिलं का?”

कल्याणी डोळे पुसता पुसता हसली. “काही नाही आबा. ऐकू येतंय का, ते बघत होते.”

तात्पर्य: आपला आवाज तेवढाच ठेवावा, ज्यात आपल्या भरवशावर बसलेल्या माणसाची थाप ऐकू येईल, आणि ती ऐकायची राहून गेलीच, तर तसं कबूल करून गाडी मागे वळवावी.